टीव्हीच्या पाठीमागच्या लेकीसुना

माझं आणि आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोलणं पाठवाल्या काकूंनी परत सुरू करून दिलं. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. मला घाबरायची सवय आहे, आणि घाबरट माणूस मुद्द्याची गोष्ट शेवटी सांगू म्हणून मागं ठेवतो नि ती राहूनच जाते. काय झालं, कसं झालं, त्यात माझी चूक किती, ते पुढं येईलच. उपकार कुणाचे ते मात्र पहिल्या ओळीत असलेलं बरं.

पाठवाल्या हे नाव त्यांना गावानं दिलं होतं, आणि ते त्या कुणाच्या पाठीशी उभ्या राहायच्या म्हणून नव्हे. त्या टीव्हीची पाठ बघायच्या. तेरखेड्यात हायवेवरून आत वळलं की फटाक्यांच्या दुकानांची रांग लागते. त्या रांगेत एकाच शटरच्या आत फटाके नव्हते, वायरी होत्या. काका होते तोवर तिथं रेडिओ आणि पेटीएवढे जुने टीव्ही दुरुस्त व्हायचे. काका गेल्यावर सगळ्यांना वाटलं, बाई आता शटर भाड्यानं देणार आणि घरात बसणार. काकूंनी काकांच्या उंच स्टुलाचे पाय सुताराकडून चार बोटं कापून आणले आणि त्यावर बसल्या. दुकानात बदल झाला तो एवढाच.

गिऱ्हाईक टीव्ही घेऊन आलं की पडद्यावरची रेघ दाखवायला लागायचं. काकू हात आडवा करायच्या. "तोंड नगा दाखवू मला. दुकानातनं निघताना सगळ्याच टीव्हीचं तोंड गोड असतंय. पाठ फिरवा." मग चष्मा कपाळावर जायचा, बारकी बॅटरी दातात यायची आणि पुढची पाच मिनिटं काकू टीव्हीच्या मागं दिसेनाशा व्हायच्या. टीव्ही भिंतीला ठोकलेला असला, तर त्यांच्याकडं दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला दांडीचा इवलासा आरसा होता. तो फटीत सरकवून त्या आरशातली उलटी अक्षरं भराभर वाचायच्या. सुलटं वाचायला दिलं की मात्र अडखळायच्या. लग्नाची पत्रिका हातात दिली की डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "तूच वाच बाबा, हे लई सरळ लिवलंय."

आणि एवढं करून टीव्हीवर लागतं काय, याचा त्यांना पत्ता नसायचा. आमची आई दुकानात टेकली की मालिकेतल्या सासूची गाऱ्हाणी सांगायची. ती कशी सुनेचे दागिने लपवते, कशी लेकाचे कान भरते. काकू तारेला सोल्डरचा डाग देता देता, मान न उचलता विचारायच्या, "कुठल्या गल्लीतली?"

पाठ बघण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. मागच्या भोकांना, म्हणजे पोर्टना, कंपनीनं दिलेली नावं त्या फारशी घ्यायच्या नाहीत. त्यांच्या लेखी भोकं दोनच जातींची. "जिच्यातनं आत येतंय ती सून. जिच्यातनं भाईर जातंय ती लेक. आधी लेकी किती नि सुना किती ते मोजायचं, मग वायरीला हात लावायचा." सेटटॉप बॉक्सची वायर लागते ती एचडीएमआय म्हणजे सून. पेनड्राईव्हचं यूएसबी म्हणजे सून. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना म्हणजे तीन जावा, त्यातली पिवळी चित्र आणते आणि बाकीच्या दोघी नुसत्या बोलतात. बाहेरच्या स्पीकरला आवाज पाठवते ती लेक. काही टीव्हींना एका एचडीएमआयशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असतं, तिथून चित्र आत येतं आणि आवाज बाहेरही जातो. "ही गावातल्या गावात दिलेली लेक," काकू सांगायच्या. "येतीबी आन् जातीबी." स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीवर त्यांचा राग होता तो एवढ्याचसाठी. "सुना आणत्यात चार-चार, आन् लेक बगावं तर एक. कधी तीबी न्हाय."

ज्या टीव्हीला हात लावला त्याच्या लेकीशेजारी त्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला नको. त्यासाठी महिन्याला एक बाटली लागायची. जनरल स्टोअरवाला नव्या माणसाला हमखास सांगायचा, "काकूंना नटायचा लई शौक हाय बरं का!" काकूंच्या नखांत तर कायम काळी चिकटपट्टी अडकलेली असायची.

आमच्या गल्लीच्या मंडळानं टीव्ही घ्यायचा ठरवला तेव्हा आम्ही चौघं जण काकूंना पुढं घालून एसटीनं धाराशिवला गेलो होतो. शोरूममधल्या पोरानं बारा टीव्ही एकदम चालू केले. समुद्र, मोर, चिरलेलं कलिंगड, सगळं झगमगायला लागलं. आम्ही आ वासून बघत राहिलो. काकू म्हणाल्या, "पाठ दाखव."

"मावशी, पाठ भिंतीकडं राहणार. बघणार कोण?"

"पाल बगंल. दाखव."

त्यानं बाराच्या बारा टीव्ही फिरवले. ते बघून शेजारचं एक गिऱ्हाईकही म्हणालं, आम्हालाबी पाठ दाखवा. त्याच्या मागचंही म्हणालं. शेवटी मालकानं स्वतः येऊन काकूंसाठी चहा मागवला, तो आदरानं की लवकर जाव्यात म्हणून, ते कळलं नाही. काकूंनी कोपऱ्यातला एक धुळकट टीव्ही निवडला, कारण त्याला दोन लेकी होत्या. मंडळातला एक जण हौसेनं विचारायला लागला, याला भजनांची मोठी हार्डडिस्क लावता येईल का? काकूंनी यूएसबीवर बोट ठेवलं. "हितं करंट थोडा, पेनड्राईव्ह जगंल. दोन भाकरीच्या घरात पैलवान जेवाय बसवू नगा."

असं कुठलंही शास्त्र त्या स्वयंपाकघरात नेऊन सोडायच्या. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा पेनड्राईव्ह घेऊन तावातावानं आले. त्यांच्या नव्या टीव्हीवर लग्न दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. वाजंत्री गाल फुगवतायत, भटजी तोंड हलवतायत, अक्षता पडतायत, आणि सगळं मुकं. खाली पट्टी येत होती, आवाज चालत नाही म्हणून. ते म्हणाले, मोबाईलवर तर चालतंय, म्हणजे टीव्हीच बाद आहे. काकू म्हणाल्या, "टीव्ही बाद न्हाय, पोट नाजूक हाय त्याचं. फाईल म्हंजे जेवणाचा डबा. डबे सगळे सारखेच दिसत्यात, आतली भाजी येगळी. चित्राची भाजी ह्याला पचती, आवाजाची पचंना." मग आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी आवाज बदलून दिला. देताना एवढंच बोलल्या, "मुकं लग्नच टिकतंय खरं म्हंजे. पर आणलाच हायसा, तर घ्या करून."

आता माझं. मी नववीत शाळा सोडली. का सोडली याची कारणं मी आजवर बरीच सांगितली, खरं कारण इतकंच की गणिताच्या तासाला उभं करतील याची मला भीती वाटायची. इकडची तिकडची कामं करत करत शेवटी गुजरातेत, कच्छच्या बाजूला एका बंदरावर लागलो. भरलेल्या कंटेनरची दारं लावायची आणि सील मारायचं, हे माझं काम. सील बसलं की नाही ते मी तीनदा ओढून बघतो, चार पावलं जाऊन परत येतो आणि चौथ्यांदा बघतो. निघायच्या आधी काकूंच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनी विचारलं, "बंदराला इंग्लिशमदी पोर्टच म्हणत्यात न्हवं?" मी हो म्हणालो. "मग ठीक हाय. आपलंच काम. फकस्त भोकं मोठी."

आबांचे कान तोवर पुष्कळच गेले होते. उभी हयात फटाक्यांच्या दारूकामात काढलेली, त्यामुळं लहान आवाज त्यांच्यासाठी कधीच संपले होते. मोठे तेवढे उरले होते, तेही घोंघावत. धाराशिवच्या डॉक्टरांनी कानातलं मशीन दिलं. ते शिट्ट्या मारायचं, म्हणून आबांनी ते सुपारीच्या डबीत ठेवलं. मी घरी असताना चालून जायचं. आबा ओठ बघायचे. समोर बसून सावकाश बोललं की त्यांना निम्मं ओठांवरून आणि निम्मं कानावरून समजायचं. पण मी बंदरावर आल्यावर राहिला फोन. फोनला ओठ नसतात. व्हिडिओ लावावा तर आमच्या घरात रेंज तुटक, आणि एवढ्याशा पडद्यावर आबांना माझं तोंड म्हणजे हरभरा. पहिले काही दिवस ते फोन कानाला लावून नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचे. मी विचारायचो, "आबा, पाऊस झाला का?" "व्हय." "आबा, शेळी व्यायली का?" "व्हय." "आबा, जेवलात का?" यावर ते फोन आईकडं द्यायचे. मग घेईनासेच झाले. वर्षभर मी आबांशी बोललो नाही, असंच म्हणायला पाहिजे.

म्हणून मी टीव्ही घ्यायचं ठरवलं. विचार केला, माझा व्हिडिओ काढून पेनड्राईव्हवर पाठवावा. मोठ्या पडद्यावर माझं तोंड ताटाएवढं दिसेल, ओठ दिसतील, आणि कानांवर बसणारा मोठा हेडफोन लावला की आवाज थेट आत जाईल. सणाची सूट लागली होती, तेव्हा मोबाईलवरूनच बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही मागवला. काकूंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पाठीचा फोटो मागितला असता, आणि सूट तर त्या दिवसापुरतीच होती. टीव्ही आला, कंपनीच्या माणसानं भिंतीला ठोकला. ही बातमी दुपारपर्यंत काकूंकडं पोचली. आईला वाटेत गाठून त्या म्हणाल्या, "पाठ न बगता आणला म्हण की. बरंय. मोठ्या बंदरावरची माणसं." एवढ्या दोन वाक्यांनी मी असा धसकलो, की त्यांना फोन करायची हिंमतच होईना.

पेनड्राईव्ह आणि हेडफोन कुरियरनं पोचले तेव्हा मी आईला फोनवरूनच सांगितलं, "टीव्हीच्या बाजूला एक गोल भोक असेल बघ. त्यात हेडफोनची पिन घाल." आईनं चाचपून भोक शोधलं, पिन बसली. आबांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि पेनड्राईव्ह चालू केला. पडद्यावर मी आलो. आईला माझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आबांना काहीच नाही.

"येतंय का?" आईनं हातानं विचारलं. आबांनी मान हलवली. आईनं आवाज वाढवला. शेजारच्या घरापर्यंत माझं बोलणं गेलं. जाड हेडफोननं कान झाकलेले आबा तसेच बसलेले. आई म्हणाली, "आवो, मला हितं लख्ख ऐकू येतंय की." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितलं. तिसऱ्या दिवशीही बघितलं. मग आबांनी हेडफोन काढून टीव्हीखालच्या फळीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "कान ग्येले. दत्ताला सांग, आता खर्च करू नगो म्हणावं." त्या दिवसापासून ते घरात बसेनात. जेवण झालं की गोठ्याशेजारी खाट टाकून रस्त्याकडं पाठ करून बसायचे. पारावरची माणसं बोलवायला आली तरी जाईनात. ऐकूच येत नाही तर जाऊन करू काय, असं आईला म्हणाले.

आईनं हे मला सांगितलं तेव्हा मी कंटेनरला सील मारत होतो. ते सील मी ओढून बघायचं विसरलो. आबांचे कान उरलेसुरलेही गेले, आणि तेही मी पाठवलेल्या वस्तूनं त्यांना कळलं. आई म्हणाली, "वैनीला बोलावते." मी म्हणालो, "नको आई, काकू हसतील." आई म्हणाली, "हसू दे की. हितं रडायला मी हाय."

बाजारच्या दिवशी दुपारी काकू आल्या. आईनं फोन चालू ठेवून खिडकीत उभा केला होता, त्यामुळं मला इकडं कँटीनच्या पायरीवर सगळं ऐकू येत होतं. आधी चपला काढल्याचा आवाज. मग, "कुठाय तो सूट लागलेला टीव्ही?" मग आईला आबांना हाताला धरून आणायला लावलं. मग पेनड्राईव्ह चालू झाला आणि मला माझाच आवाज तिकडून ऐकू आला, "आबा, मी दत्ता बोलतोय..."

"बंद करा," काकू म्हणाल्या. "ह्यो हेडफोन आबांबिगर कुणी कानाला लावून बगितला का?"

  आम्हा दोघांना हे सुचलंच नव्हतं. बहिऱ्या माणसाचा हेडफोन आपण कशाला लावून बघायचा!

काकूंनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि आईला चालू करायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, आबांना ऐकू जावा म्हणून गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. "आबा! ह्यातनं मलाबी कायच येत न्हाय! मग मीबी बहिरी झाले म्हणा की!"

 आईनं नंतर सांगितलं, आबा खाटेकडं निघाले होते ते परत फिरून खाली बसले.

मग आरसा निघाला. "आता मोजते," काकू म्हणाल्या. "एचडीएमआय दोन, सुना. यूएसबी एक, सून. अँटेनाचं भोक, सून. आन् तुमी पिन घातलीया ते बारकं गोल भोक... दत्ता! हायेस का फोनवर?"

"आहे, काकू."

"ह्या भोकाशेजारी 'इन' लिवलंय. जुन्या प्लेअरच्या तीन जावा एकाच पिनंत बांधून हितनं आत आणायच्या, त्याच्यासाठी हाय हे भोक. सून हाय ही! सुनंच्या दारातनं तू आवाज भाईर वढतूयस व्हय? भोक गोल दिसलं म्हणून ते कानाचंच असतंय का?"

"मला इकडून दिसलं नाही, काकू."

"दिसलं न्हाय हे बरोबर. मग न बगता सांगितलंस कसं? नववीतनं पळालास, पर 'इन' आन् 'आऊट' एवढं पाचवीतच झालं आसंल की. आईला तेवढं वाचून तरी घ्यायला लावायचं हुतंस, कुणाकडनं बी."



पुढची अडचण अशी, की त्या टीव्हीला हेडफोनसाठी गोल लेक नव्हतीच. आरशात अगदी कडेला एक चौकोनी भोक सापडलं, आत बारीक लाल उजेड असलेलं. ते बघून काकू खुश झाल्या. "सापडली! एकच लेक हाय, पर उजेडानं बोलती. कानाला लागतोय आवाज. मदी दुभाषी बसवाय लागंल." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या स्वतः धाराशिवला गेल्या आणि काड्यापेटीएवढा डबा घेऊन आल्या. एका बाजूनं उजेडाची वायर, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची पिन. आईनं फोन पुन्हा खिडकीत उभा केला, काकूंनी सगळं जोडलं, तरी आवाज येईना.  काकू टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरल्या. आवाज 'ऑटो'वर होता, तो त्यांनी 'पीसीएम'वर आणला. "टीव्ही अवघड बोलत हुता, दुभाष्यालाच कळत नव्हतं. साधं बोल म्हणलं," त्यांनी आईला समजावलं. मग हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला, हुं म्हणाल्या, आणि आबांच्या डोक्यावर चढवला.

टीव्हीचे स्पीकर काकूंनी बंद केले होते. त्यामुळं आता खोलीत कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, आबांना येत असलं तर तेवढंच.  माझा व्हिडिओ कुठवर आला असेल ते मी मनातल्या मनात मोजत होतो. आता मी नाव सांगत असेन. आता तब्येतीचं विचारत असेन. आता समुद्राचं सांगत असेन. 

आणि मग आबांचा दणदणीत आवाज आला.

"बारीक करा की त्येला! कान फुटत्याल माझं!"

आई हसत होती की रडत होती ते फोनवर कळत नव्हतं. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "करते, करते. लई बोलतंय पोरगं." बंदरावरच्या कँटीनच्या पायरीवर मी एकटा मोठ्यानं हसलो. गुजराती मुकादमानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, वडील ओरडले. त्याला वाटलं मी वेडा आहे.

त्यानंतर बाजारच्या दर दिवशी एक नेम पडला. मी आईच्या फोनवर व्हिडिओ पाठवायचा, आई फोन आणि पेनड्राईव्ह घेऊन काकूंकडं जायची, काकू भरून द्यायच्या. भरताना त्या तो बघायच्याही, आणि मला शेरा यायचा. "बोलताना वर का बगतूस? छताला पाल हाय काय?" "हवामान नगो सांगू. हवामान बातम्यात येतंय. काय खाल्लंस ते सांग." "आबा ओठ बगत्यात, मिशीला कात्री लावून घे." एकदा मी तीनदा सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे म्हणालो होतो. त्यावर शेरा आला, "ठीक असल्यालं माणूस एकदाच म्हणतंय. काय झालंय ते सांग." खरंच झालं होतं. पायावर साखळी पडून नख गेलं होतं. पुढच्या व्हिडिओत सांगितलं. मला लहानपणापासून बोलायची भीती, त्यातून आबांशी तर मी कामापुरतंच बोलायचो. समोर बसून नीट कसं बोलायचं ते मला काकूंनी शिकवलं, तेही माझ्यापासून इतक्या लांब बसून.

मग एक दिवस उलटा व्हिडिओ आला. काकूंनी आबांना दुकानात बसवून काढलेला.  काकूंचा आवाज येतो, "बोला की, टोपी नंतर सारखी करा." आबा टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "दत्ता, आवाज बारीक झालाय तुजा. जेवत न्हाईस काय रं?" वर्षभरानंतरचं आबांचं माझ्याशी पहिलं वाक्य. तो व्हिडिओ मी फोनमधून काढून टाकलेला नाही. फोनची जागा भरली की बाकी सगळं काढतो.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे पार गेले. सोलापूरला ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी त्यांना अणदूरला आपल्या घरी घेऊन गेली. जायच्या आधी काकूंनी आईला पेनड्राईव्ह भरायला शिकवलं, चार दिवस लागले, दोघींची दोनदा भांडणं झाली. शटरची किल्ली मात्र आबांकडं दिली. बंद शटर गंजतं, आठवड्यातून एकदा वर करा म्हणाल्या. आबा बाजारच्या दिवशी शटर उघडतात ते उघडून बसतातच. पारावरची चार माणसं तिथं येऊन टेकतात. कुणी टीव्ही घेऊन आलं की आबा हायवेवर ऐकू जाईल एवढ्यानं सांगतात, "काकू आल्यावर या! ठेवून जायचा तर ठेवा!" लोक ठेवूनही जातात. आई म्हणते, आता ह्यांना जेवायला बोलवायला दुकानात जावं लागतं.

परवा मी अणदूरला फोन केला. काकूंनी आधी कुरकुर केली. "घरात पाच माणसं, बोलायला एकबी न्हाय. टीव्ही भिंतीत असा गाडलाय, आरसाबी शिरत न्हाय." मी हसलो. मग विचारलं, परत कधी येणार?  

"येऊन करू काय, दत्ता? डॉक्टर म्हणतोय, वाकायचं न्हाय, सारखं उठाय-बसायचं न्हाय. एका टीव्हीला मला धा येळा उठून ह्या अंगानं त्या अंगाला जाय लागतंय. गुडघ्यानं कुठं जमायचं आता."

 मला वेळेवर कधी सुचत नाही. पण दुसऱ्या दिवशी बंदराबाहेरच्या भंगारवाल्याकडं गेलो. तिथं मोठ्या यंत्रांतली जुनी बेअरिंगं पडलेली असतात. परातीएवढं एक बेअरिंग निवडलं, घासलेटानं धुतलं, ग्रीस भरलं. वर जड पत्रा ठेवून बोटानं ढकललं, आवाज न करता पुरा एक फेरा घेतला. माझ्याबरोबर एक वेल्डर आहे, तो फिरत्या टेबलाचा सांगाडा करून देतो म्हणालाय. स्टुलाच्या उंचीला येईल असं, वर कितीही मोठा टीव्ही ठेवला तरी बसल्या जागी एका बोटानं फिरेल असं.

काकू, तुमचे उपकार मला पैशानं फेडता येणार नाहीत, आणि तुम्ही घेणारही नाही. पण सुट्टी मिळाली की हे धूड मी गाडीत पायाशी घेऊन आणणार. ते तुमच्या दुकानात बसवून, आबांना शेजारी उभं करून, मग तुम्हाला न्यायला अणदूरला येणार. तोवर गुडघे सांभाळा.